शंभर मीटरचं वर्तुळ

कपाळावर हात मारायची तयारी ठेवा, म्हणजे सांगतो. दुसऱ्याची फजिती असती तर मीठमसाला लावून सांगितली असती. ही माझीच आहे, त्यामुळे जेवढी झाली तेवढीच सांगतो. खरं म्हणजे थोडी कमीच.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. धुळ्याहून एसटीने दीड तासावरच्या एका गावात मी नगरपालिकेत नकाशे काढायला होतो. माझी मंगल तेव्हा चौथीत होती. पोरगी शाळेतून यायची ती पोट भरूनच. जेवायला बसली की भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नसे. उतरणार कसा? शाळेच्या फाटकासमोर सुपडूनानांची कचोरीची गाडी, शेजारी भेळ, त्याच्या शेजारी बर्फाचे गोळे. बायको रोज सुनवायची, "गावाचे नकाशे काढता, पोरीच्या पोटाचं काही बघा."

तेवढ्यात धुळ्याला नगररचनेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. जाताना मी नकाशेवाला होतो, परत आलो तो गावाचा भाग्यविधाता होऊन. शाळेपासून शंभर मीटरांत खाण्याची गाडी नको, हे मुख्याधिकाऱ्यांच्या गळी उतरवलं. ठराव झाला. मी कंपास घेतला, फाटकावर टोक रोवलं आणि नकाशावर असं झकास वर्तुळ काढलं, की स्वतःच दोन मिनिटं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सुपडूनाना कचेरीत हजर. साठीचा माणूस, टोपी हातात.

"साहेब, मी गरीब माणूस शे. शाळाजोडे नही, तं मंग गाडी कोठे लावू? तेवढं कागदवर लिखी द्या."

मला भरून आलं. नियम कडक असावा, पण माणुसकी सोडू नये, हे काही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, ते माझं स्वतःचं. नकाशा पाहिला. वर्तुळाला लागूनच बाहेर नगरपालिकेचा एक पट्टा मोकळा होता. रस्ता रुंद, आसपास घर एकही नाही. सर्व्हे नंबर घातला, 'सर्व गाड्या येथे लावाव्यात' असं लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला. नाना पाया पडायला वाकले. मी थोर माणसासारखं त्यांना वर उठवलं.

आता मला सांगा, पंधरा वर्षांपूर्वीच्या नकाशात गेल्या साली बांधलेली घरं कशी दिसणार? आणि मी भाड्याने राहत होतो ते घर गेल्या सालीच बांधलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो, तर आमच्या कुंपणाला टेकून कचोरीची गाडी. तिच्या मागे भेळ, भेळेच्या मागे गोळे.

"नाना, हे काय? इथे माझं घर आहे."

"तुमनं घर शे?" नानांना खरंच आनंद झाला. "मंग तं बरं शे. आते पोलिसनी भीती नही."

माझा कागद त्यांनी काचेत बसवून गाडीवर टांगला होता. वर झेंडूचा हार.

तसाच मुख्याधिकाऱ्यांकडे धावलो. त्यांनी कागद वाचला, पत्ता विचारला आणि उठून माझा हात हातात घेतला. "स्वतःच्या दारात जागा दिलीत! एवढा त्याग आजकाल कोण करतो?" सगळ्या कचेरीसमोर माझा सत्कार झाला. नारळ घेऊन घरी आलो.

मंगलची तर चैनच झाली. आधी तिला शाळा सुटेपर्यंत तरी थांबावं लागायचं. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. नानांची गाडी हलवावी म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्याशी वाद घालायला जायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि हातात गरम कचोरी ठेवायचे. वाद काही संपेना.

महिन्याभराने घर बदललं. पोरीला गाड्यांपासून लांब ठेवायचं तर गावात जागा एकच उरली होती, माझ्या वर्तुळाच्या आत. शाळेच्या फाटकासमोरच दोन खोल्या मिळाल्या. तळणाचा वास नाही, गर्दी नाही. मंगल आठ दिवस रुसली आणि मग निमूट भाकरीवर आली. बायको हसून बोलायला लागली. मलाही वाटलं, अखेर जमलं बुवा आपल्याला.

एकदा संध्याकाळी पाय मोकळे करून परत आलो, तर बायकोने माझ्या शर्टावरचा चिंचेच्या चटणीचा डाग निरखून पाहिला.

"पोरगी सुधारली," ती म्हणाली. "आता पुढच्या ठरावात शंभराचे पाचशे मीटर करून घ्या. तेवढं लांब तुम्ही चालत जाणार नाही."