रंगूबाईंच्या स्लॅबवरचं ऊन

तव्यावरची शेवटची भाकरी फुगायला आणि दारावर टकटक व्हायला एकच गाठ पडली. खारबावात ओळखीचं माणूस दार वाजवत नाही, अंगणातूनच हाक मारत आत शिरतं. म्हणून रंगूबाईंनी आधी भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि दार उघडलं ते साखळी लावूनच.

बाहेर एक तरुण उभा होता. गळ्यात कार्ड, हातात मोजायची टेप.

"मावशी, मी कुणाल. सोलरचं काम करतो. हरेशभाऊंनी बोलावलंय. आणखी पॅनल बसवायचेत, जागा बघून जातो."

"हाईत की वर. आणखी कशाला?"

"वाढवायचेत म्हणाले. मर्यादेत बसलं तर वाढीव पॅनललाही सरकारची सबसिडी मिळते."

"मला कोन बोललं न्हाय."

साखळी तशीच ठेवून त्यांनी मुलाला फोन लावला. हरेश कशेळीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, शिफ्टला फोन गेटवरच जमा. मग सुनेला लावला. रंजिता भिवंडीतल्या एका दवाखान्यात कामाला होती. "हो आई, येणारच होता तो. बघू द्या त्याला," एवढं भरभर बोलून तिने फोन ठेवलासुद्धा.

म्हणजे सुनेला ठाऊक होतं. इतका वेळ दाराबाहेरच्या माणसावर असलेला रंगूबाईंचा संशय आता उंबरा ओलांडून घरात आला. आपल्यापासून लपवून वर काय चाललंय? आणि पॅनल वाढले तर उरलेला स्लॅबही झाकला जाणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

रंगूबाई अकलोलीहून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा घरामागे खळं होतं. भात झोडून झाला की वर्षभर ते बायकांचं. पापड, मिरच्या, जवळ्यासारखी बारीक मासळी, सगळं तिथे सुकायचं, आणि कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही तेही तिथेच कळायचं. खळं गोदामाच्या रस्त्यात गेलं. मग पक्कं घर झालं आणि आळीतल्या बायका टोपल्या घेऊन रंगूबाईंच्या स्लॅबवर चढू लागल्या. सोलर आला तेव्हा अर्धा स्लॅब गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी आता साखळी काढली.

"चल. पन मी संगती येनार. आन् मोबाईल खिशात ठेव."

"फोटो लागतो मावशी. आधीचे किती आहेत ते अर्जात दाखवावं लागतं."

"जुनेच नवे म्हनून दाखवशील, आन् आम्ही सापडू."

कुणाल हसला, पण वर पोचताच त्याचं हसू थांबलं. पॅनलवर पांढरं धोतर अंथरलेलं होतं आणि धोतरावर ओळीने तांदळाचे पापड. शेजारची तुळजा वाकून ते उलटत होती.

"हे काय?"

"पापड," तुळजा म्हणाली. "कधी पाहिलं न्हाईस?"

"पॅनलवर?"

"काच तापते," रंगूबाईंनी समजावलं. "दुपारपर्यंत खडखडीत. खाली घातले तर मांजर फिरते."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी बाप्ये घरात, बायका कशाला येतील वर? जवळा बी घालतो."

कुणालने काचेवर बोट फिरवलं. पिठाची साय आणि कावळ्यांनी मागे ठेवलेली खूण, दोन्ही बोटाला लागलं. "तरीच. वीज कमी पडते, पॅनल जुने झाले, असं हरेशभाऊ सांगत होते. सावली पडल्यावर ते बिचारे काय करणार?"

"म्हंजे तुझा माल बिघडला तं दोष माझ्या पापडांना?"

तो वाद घालत बसला नाही. जिन्यातल्या भिंतीवर वीज किती बनते ते दाखवणारी पेटी होती, तिच्यासमोर त्याने रंगूबाईंना उभं केलं आणि तुळजाला धोतर उचलायला सांगितलं. आकडा चढला. रंगूबाईंना वाटलं, याने खिशातून काही दाबलं असणार. त्यांनी त्याला दोन्ही हात वर करून उभं केलं.

"तुळजा, घाल."

आकडा पडला.

"काढ."

चढला.

"परत घाल गं."

"माझे पापड मोडतायत," वरून तुळजा ओरडली. "तुझी सरकारी तपासनी झाली का?"

आकडा पुन्हा पडला. रंगूबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "हात खाली घे. चहा पितोस?"

संध्याकाळी हरेश आला. कुणालने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं.

"आई, दोन वर्षं मी सोलरच्या कंपनीला शिव्या घालतोय. तू सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस? आन् तू तरी कुठं मला सांगितलंस?"

हरेश रंजिताकडे बघू लागला. शेवटी तीच बोलली. वरची खोली उन्हात भट्टी होते, तिथे एसी लावायचा आहे. जागेवरून आई नाही म्हणतील, म्हणून सबसिडीचा अर्ज झाल्यावरच सांगायचं ठरलं होतं. आहेत ते पॅनल स्वच्छ ठेवले तर घरापुरतं भागेल, पण एसी चालवायचा तर वाढवावे लागतील, असं कुणालनेही सांगितलं होतं.

"मी न्हाय म्हनाले असते," रंगूबाईंनी सरळ कबूल केलं. "पन भांडून जेवले तं असते तुमच्यासंगं. चोरासारखं कशाला?"

रंजिताने सासूच्या पानात भाकरी वाढली.

"बसवा पॅनल," रंगूबाई म्हणाल्या. "त्यांच्यावर आता काय घालनार न्हाय, बायकांनाही सांगते. फक्त जिन्याच्या तोंडाशी चटई मावेल येवढी जागा मोकळी ठेव. तिथं सावली पडू देऊ नको."