चहाचं एक वाक्य

इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसाचा एसएमएस आला तेव्हा मी अड्यारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. ‘राव मामा सकाळी गेले. रविवारची तालीम ठेवायची का?’ टेबलाखाली मोबाइल धरून मी ‘ठेवू’ एवढंच उत्तर पाठवलं. पहिल्या वाक्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं... दीड महिना होत आला, ते अजून टोचतं आहे.

राव मामांचं वेस्ट मांबलमला स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. घराणं तंजावरच्या मराठी लोकांचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढलेलं. आम्ही पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी आलेले, कोणी गाड्यांच्या कारखान्यात, कोणी आयटीत. नव्या शतकाच्या सुरुवातीला मंडळानं दरवर्षी एक नाटक करायचं ठरवलं आणि दिग्दर्शनाची माळ माझ्या गळ्यात पडली. हॉल, लाइट, कपडेपट, सगळा भार मामांनी उचलला. बाकीचे प्रायोजक स्मरणिकेत जाहिरात द्यायचे आणि पहिल्या रांगेत बसून निम्म्यात उठून जायचे. मामांनी ना बॅनर मागितला, ना सत्कार. त्यांना नाटकात काम हवं होतं.

इथेच पंचाईत होती. मामांची मराठी फार जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली, मध्येच ‘बरं’ऐवजी ‘सरी’ आणि ‘मग’ऐवजी ‘अप्परम’ पेरलेली. आमची मंडळी त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची. मला तर तेव्हा शुद्ध मराठीचं खूळच लागलं होतं. मग मी तोड काढली... मामांना बोलावंच लागणार नाही अशी कामं. पहिल्या वर्षी ते लकवा झालेले आजोबा, मग झोपलेला पहारेकरी, आणि एकदा तर पडदा उघडायच्या आधीच मेलेला घरमालक. घरी बायकोला हे सांगताना माझी हसून हसून पुरेवाट झाली होती. मामा मात्र प्रेत व्हायलासुद्धा तालमीला सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

एकदा तालीम संपल्यावर ते घुटमळले. ‘‘सर, एक वाक्य द्या कीं. लहानसें द्या.’’ मी म्हणालो, जरा भाषेचं बघा, मग देऊ. मला वाटलं, विषय मिटला. ते ‘सरी’ म्हणाले आणि खरोखरच भाषेचं बघायला लागले. तालमीत कोपऱ्यात बसून आमची वाक्यं पुटपुटायचे. आम्हांपैकी कोणी दुकानात गेलं की डबे बांधता बांधता एखादा शब्द दोनदोनदा म्हणवून घ्यायचे. असं करता करता माझ्याकडे सबब उरली नाही. त्या वर्षी ते नोकर झाले आणि त्यांना वाक्य मिळालं, ‘चहा इथेच आणू का?’ प्रयोगात मामांनी ते इतक्या सहज म्हटलं की कोणी हसलं नाही, कोणाचं लक्षही गेलं नाही, नाटक पुढे सरकलं. विंगेत आले ते घामानं निथळत. माझा हात धरून म्हणाले, ‘‘कोणाला कळलं नाही ना?’’ नाही कळलं, म्हणालो, तर त्यांचा चेहरा असा काही फुलला... आणि मी, काय सांगू, आपण एक माणूस घडवला अशा थाटात छाती फुगवून उभा होतो.

त्यांच्या घरी जायला मी महिना लावला. कामाचं निमित्त होतंच, पण पाऊल उचलत नव्हतं हे खरं. मामींनी दार उघडलं. या, बसा, कॉफी घेणार ना, सगळं अगदी आमच्यासारखं. मी म्हटलं, मामी, तुम्ही तुमचं बोला, मला समजतं. तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही आमच्याच मराठीत. भाषेचं बघायला लागल्यापासून मामांनी घरातली बोली बंद केली होती. कानावर पडली की जिभेवर येते, म्हणायचे. मामींशी, सुनेशी, सगळ्यांशी आमची मराठी. नात बोलायला शिकली ती त्याच भाषेत. शेवटच्या आजारात मात्र मामा आपल्या आईच्या बोलण्यावर परत गेले. पलंगाशी उभी राहून नात विचारायची, आजोबा काय म्हणताहेत? आणि मामी ते तिला समजावून सांगायच्या... मराठीतलं मराठीत.

राजे गेले, राज्य गेलं, चहूकडे दुसरी भाषा, तरी त्या घरानं जे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं ते मी चहाच्या एका वाक्यापायी घालवलं. मला मान वर करवेना.

मामी मामांची खुर्ची दाखवून बोलत होत्या. दुकानातून आले की ते खिडकीजवळ तिथेच बसायचे आणि दिवसभराचं सगळं सांगायचे. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं आणि त्या रडण्यात जीभ आपल्या जुन्या वाटेनं गेली. दोन-चार वाक्यं त्यांच्या बोलीतली आली, हेल काढलेली, कानाला इतकी गोड... मग त्यांना माझी आठवण झाली. त्या थबकल्या, पदरानं डोळे पुसले, तेच सगळं पुन्हा सावकाश आमच्या मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बरोबर बोलले ना?’’

मी हो म्हणालो.