कलावतीच्या गुडघ्यातली फट

कल्पना करा, तुम्ही भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये उकिडवे बसला आहात. टाचा जमिनीला, गुडघे छातीशी, समोर गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या कपड्यांचा ढीग. पाकीट फोडायचं, कुर्ता झटकायचा, डाग बघायचा, बटणं बघायची आणि घडी करून मापाच्या थप्पीवर ठेवायचा. थप्पी लांब असली तरी उठायचं नाही. बसल्या बसल्याच पाय सरकवत जायचं, तसंच परत यायचं. चहाच्या सुट्टीपर्यंत हेच. आता उठून बघा.

कलावती कित्येक वर्षं अशी बसली आणि उठली. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा भातखाचरं होती आणि ती दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायची. खाचरांवर गोडाऊनं उभी राहिली, तशी ती त्यांत कामाला लागली.

गोडाऊनमध्ये टेबलं नव्हती असं नाही. उभं राहून काम करा म्हणून कंपनीनं कमरेएवढ्या उंचीची टेबलं आणली होती. पण बायका ढिगाभोवती गोल करून बसायच्या आणि सगळ्या गप्पा त्या गोलात व्हायच्या. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाची पोर पास झाली, हे टेबलाशी उभ्या असलेल्या बाईला ऐकूच यायचं नाही. हळूहळू टेबलांवर डबे आले, ओढण्या आल्या. मेघाली नावाची एक मुलगी तेवढी टेबल सोडायला तयार नव्हती. एकदा कलावतीनं सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "मॅडम, आमची हजेरी घेताय ना?" गोल खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून मेघालीही खाली बसायला लागली.

मग कलावतीचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. सकाळी उठल्यावर तो आखडलेला असायचा, चाललं की सैल पडायचा. जिना उतरताना आत वाळू भरल्यासारखी करकर. तिनं वात समजून तेल चोळलं, मलमं लावली, गोळ्या खाल्ल्या. शेवटी तिची मुलगी संघरत्ना तिला भिवंडीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, मधे फट हवी. आतल्या अंगाला मात्र दोन्ही हाडं जवळजवळ टेकली होती. त्या फटीत काय असतं, असं कलावतीनं विचारलं. कूर्चा, ते म्हणाले. हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला पांढरं, चकचकीत दिसतं तेच. फोटोत ते उमटत नाही, त्याची फक्त जागा दिसते. कलावतीला कोंबडीची तंगडी लगेच डोळ्यांसमोर आली.

"मग ते परत भरून येल ना?"

डॉक्टरांनी मान हलवली. कातडी भरते कारण तिला रक्त मिळतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून झिजलेली नीट भरून येत नाही. तिच्यात दुखण्याच्या नसाही नसतात. ती गुपचूप झिजते. दुखायला लागतं ते नंतर, खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर बोलायला लागलं की. मांडीचे व्यायाम करा, वजन उतरवा, जमिनीवर बसू नका, असं सांगून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पुढंमागं ऑपरेशन लागेल, म्हणाले.

कलावती घरी बसली. तिच्या जागी संघरत्ना कामाला लागली आणि गोलात आईच्याच जागेवर बसली. गोलातल्या आनंदीबाई एकदा कौतुकानं सांगत आल्या, की पोर अगदी तुमच्यासारखीच भराभर सरकते.

त्याच संध्याकाळी कलावतीनं मुलीला टेबलाशी उभं राहायला सांगितलं.

"तिथं कोण हाय? मी एकटीच उभी राहू?" संघरत्ना म्हणाली. "आणि माझं कुठं काय दुखतंय?"

"माझं पण दुखत नव्हतं."

"आई, डॉक्टरच बोलले ना, वय असतं, वजन असतं, घराण्यात पण असतं. नुसत्या बसण्यानंच झालं असं न्हाय."

ते खरंच होतं. डॉक्टर तसं म्हणाले होते.

पण पुढच्या तपासणीला कलावतीनं मुलीलाच खुर्चीवर बसवलं, हिचाही फोटो काढा म्हणाली. डॉक्टरांनी संघरत्नाचा गुडघा वाकवून, दाबून पाहिला. सूज नाही, करकर नाही. एक्स-रेत काही दिसायचं नाही, एमआरआयच्या मोठ्या मशिनीत थोडंफार दिसतं, पण न दुखणाऱ्या गुडघ्याचा तसला फोटो कुणी काढत नाही, असं ते म्हणाले. मधूनमधून उठत जा, टेबल असेल तर वापर, असंही त्यांनी संघरत्नाला सांगितलं. तिनं मान डोलावली.

बाहेर आल्यावर ती हसून म्हणाली, "बघितलंस? चांगला हाय गुडघा." आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून रिक्षाकडे निघून गेली.

कलावती दवाखान्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. गुडघा चांगला आहे, हे डॉक्टरांनी हातानं दाबून सांगितलं. पण जे फोटोत येत नाही, दुखत नाही, ओरडत नाही, ते पोरीच्या गुडघ्यात आज किती उरलंय, हे दुखायच्या आधी कुणाला विचारायचं?