भोंग्याच्या नकाशावरचे दोन करडे ठिपके

संगणकावर इतका अविश्वास आणि संगणकाकडून इतकी अपेक्षा, दोन्ही एकाच माणसात मावायची असतील तर आमच्या मॅडमच हव्यात. त्या मापाचं दुसरं कोणी इंदुरात नाही. त्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि निवृत्तीच्या आधी त्यांनी हट्टाने डिजिटल ह्यूमॅनिटीजचा पेपर सुरू करून घेतला होता. म्हणजे भाषा, इतिहास, लोकांच्या आठवणी यांचा अभ्यास संगणकाच्या मदतीने करायचा. मी तो घेतला, कारण मला वाटलं, स्क्रीनकडे बघत बसायचं असेल, कोणाशी बोलावं लागणार नाही. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण लॅपटॉप उघडून बसलो. मॅडमनी पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि म्हणाल्या, "बंद करा ते डबे. प्रश्न आणलाय का कोणी? नाही ना? मग काय विचारणार त्याला, कसा आहेस?"

पुढचा महिनाभर लॅपटॉपला बंदी होती. पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आपापल्या स्वयंपाकघरातली एकेक वस्तू लिहायची आणि मग त्या पत्रिकांचे गट करायचे. कोणी पितळ-स्टील असे केले, कोणी रोजचं आणि सणाचं. मी मुकाट्याने अल्फाबेटिकली लावल्या. मॅडम माझ्या बाकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "एकदम टिपटॉप आहे, भिया." भिया म्हणजे इंदुरी भैया; मुलगा असो वा मुलगी, त्यांना सगळे भियाच. "पण यात तुझी आई कुठेय?" घरी विचारलं तर आई म्हणाली, "माझे दोनच गट गं, हाताला येणारं आणि स्टूल लागणारं." दुसऱ्या दिवशी मी हे कसंबसं सांगितलं, तेव्हा मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी लॅबमध्येच शेवेचा डबा उघडला. लॅब असिस्टंट कळवळून म्हणाले, "मॅडमजी, मागच्या वेळी कीबोर्डमधून मूठभर शेव निघाली होती!" मॅडमनी गंभीरपणे विचारलं, "कोणत्या बटणाखाली सगळ्यात जास्त? लिहून ठेवलं का?"

मॅडमचे वडील परदेशीपुऱ्याजवळच्या एका मिलमध्ये कारकून होते. मिल बंद पडली, वडील गेले, पण पाळ्यांची वेळ सांगणारा तिचा भोंगा काही मॅडमच्या डोक्यातून गेला नाही. म्हणून आम्हाला काम मिळालं ते भोंग्याच्या नकाशाचं. जुन्या लोकांना विचारायचं, भोंगा तुमच्या घरापर्यंत यायचा का, आणि तो झाला की तुम्ही काय करायचात. प्रत्येक उत्तराचा नकाशावर एक ठिपका. ठिपका दाबला की त्या माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. मॅडमबरोबर गल्लीत फिरणं म्हणजे जादू बघणं होतं. एक म्हातारे फिटर दारातच ओरडले, "काही नाही आठवत, जा!" मॅडम पायरीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "डबा कोण भरायचं, काका?" काका दोन तास बोलले. आम्ही उठलो तेव्हा वर मॅडमनाच म्हणाले, "तुम्ही बोलू देत नाही राव."

मला एकटीला पाठवलं ते एका आजींकडे. त्यांचे यजमान त्याच मिलच्या विणकाम खात्यात होते. मी मान खाली घालून फोन पुढे धरायचे आणि त्या बोलायच्या. तीन वेळा गेले, तीनदा भोंग्याचा शेवटचा दिवस विचारला. पहिल्यांदा म्हणाल्या, भोंगा झाला, हे लवकर घरी आले, मी खिचडी टाकली. दुसऱ्यांदा, भोंगा झालाच नाही, त्याच्या भरवशावर राहिले आणि दूध उतू गेलं. तिसऱ्यांदा, त्या दिवशी मी माहेरी देवासला होते, मला काय माहीत! मी शाळेपासून नीटनेटकी. त्यातलं सगळ्यात पूर्ण वाटलं ते पहिलं रेकॉर्डिंग ठेवलं, बाकीची दोन डुप्लिकेट समजून पुसली. फोनमध्ये जागाही नव्हती.

"बाकी दोन?" मॅडमनी विचारलं.

"डिलीट केली. एकच खरं असणार ना."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "ती खोटं नाही बोलत होती गं. तीन वेगवेगळे दिवस आठवत होती." मग पिशवी उचलली. "चल. माफी माग आणि परत विचार. तूच बोलायचं, मी गप्प बसणार."

रिक्षात त्यांनी मला पुसलेलं सगळं आठवेल तसं बोलायला लावलं. आजींसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी घरात सलग चार वाक्यं बोलले. आजी हसल्या. "पुसलं तर पुसलं, बाई. ऐक." आणि त्यांनी चौथीच गोष्ट सांगितली: त्या दिवशी हे घरी आलेच नाहीत, रात्रभर मिलच्या फाटकाशी बसून राहिले. ही त्यांनी याआधी कोणालाच सांगितली नव्हती. मॅडम खरोखर गप्प बसल्या होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

नकाशावर आजींचे चार ठिपके आहेत. दोन बोलतात. दोन करडे आहेत आणि त्यांच्याखाली मॅडमनी मलाच लिहायला लावलं, "इथे आजी बोलल्या होत्या. माझ्या हातून पुसलं गेलं." खाली माझं पूर्ण नाव.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. आजी मुलाकडे गेल्या. फोन केला तर आता मला ओळखत नाहीत. नव्या मुलांना पहिल्या दिवशी नकाशा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एका मुलीने करडा ठिपका दोनदा दाबला आणि विचारलं, "दीदी, हा मुका का आहे?" मी सांगायला लागले आणि मध्येच अडखळले. दूध उतू गेलं होतं, की त्या दिवशी घरात दूधच नव्हतं? संध्याकाळी मॅडमना फोन केला. सगळ्या गल्लीचं सगळं त्यांना तोंडपाठ.

"दूध?" त्या हळूच म्हणाल्या. "मला तर वाटतंय, तू रिक्षात वरणाचं सांगितलं होतंस."

मी वाद घातला नाही. "थांबा हं मॅडम," म्हटलं, "पुन्हा सांगा, मी रेकॉर्ड करते."