तुर्कस्तानची नीरा

माझा दादा जहाजावर दारू बनवायचा. म्हणजे गाळायचा नाही, मिसळायचा, प्रवाशांच्या बारमागे उभा राहून. कोणी विचारलं की बाबा "जहाजावर असतो" एवढंच सांगायचे आणि केळीच्या घडांकडे बघायला लागायचे. हेच बाबा रोज संध्याकाळी पायरीवर बसून ताडीचा तांब्या रिकामा करायचे, ते चालायचं. ताडी झाडाची, दादाची ती बाटलीतली, म्हणून लाज. "तुझ्या हातचं मी पिणार नाही," असं बाबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. दादा हसून सोडून द्यायचा. राग मला यायचा, आणि तो मी भांडी आपटून काढायचे.

त्या मे महिन्यात तो सुट्टीवर गावी, वटारला आला तो डोक्यात तुर्कस्तान घेऊनच. सोबत तिथली बाटली. आतली दारू पाण्यासारखी स्वच्छ, वास बडीशेपेचा, आणि पाणी पडलं की बघता बघता पांढरी. उन्हाळ्यात तिकडचे लोक खरबुजाच्या फोडी खात, समुद्राकडे तोंड करून ती निवांत पीत बसतात म्हणे. "आपल्याकडे समुद्र आहे, उकाडा आहे, मग अडलंय कुठे?" दादा म्हणाला. झालं, रोज संध्याकाळी चिकूखाली खाट टाकून आमचे प्रयोग सुरू. कैरी, पुदिना, डाळिंबाचा रस, काय वाट्टेल ते. मोगऱ्याची फुलं भिजवलेलं पाणी घातलं तर साबण प्यायल्यासारखं लागलं. पण साध्या पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी आणि वर लिंबू पिळलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. इतकं गार, इतकं गोड मी आजवर काही प्यायले नव्हते.

त्याच सुट्टीत त्याचं लग्न ठरायचं होतं. फुलपाड्याची मुलगी आम्ही बघून आलो होतो आणि दादा पार विरघळला होता. आता ती मंडळी आमचं घर बघायला येणार होती. मुलीचे वडील मूळचे देशावरचे, मुंबईत नोकरीला, माणूस शिस्तीचा. बाबांनी बजावलं, "केटरिंगला आहे म्हणायचं. आणि ती बाटली माळ्यावर टाक."

"विचारलं तर खोटं नाही सांगणार मी," दादा म्हणाला. पण मुलगी हातची जाईल या धास्तीनं त्या दुपारी त्याला घास गिळवत नव्हता.

बाटली माळ्यावर गेली. आदल्या दिवशी बनवलेला जग मात्र फ्रिजमध्येच राहिला. शेजारी पाहुण्यांसाठी पहाटे उतरवून आणलेली नीरा. आमच्या घरात फ्रिजमधलं पांढरं म्हणजे नीरा, दुसरं काही असू शकतं हे आईच्या स्वप्नातही येणार नाही. तिनं हाताला लागला तो जग उचलला, पुरुषमंडळींना पेले भरून दिले, आणि बायकांना, त्यांच्यासोबत आलेल्या मुलीलाही, कोकम सरबत.

मुलीच्या वडिलांनी जन्मात नीरा प्यायली नव्हती. एक घोट घेतला, डोळे मिटले. "वा. आमच्याकडे नुसतं ऐकून होतो. बडीशेप घालता वाटतं?" आई बिचारी गोंधळून हसली. बाबांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. ताडीवर वाढलेला माणूस तो, त्यांना काय सांगायचं? चेहरा मात्र पार उतरला. तोवर पाहुण्यांनी दुसरा पेला मागितला.

दादा आतून खुर्ची घेऊन आला आणि जग बघून जागीच थबकला. बाबा डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होते. गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं, खरंच.

"काका, ही नीरा नाही," तो म्हणाला. "दारू आहे. तुर्कस्तानची, शहाळ्यातली. मीच बनवली. जहाजावर मी हेच काम करतो."

पाहुण्यांनी पेल्यात पाहिलं, मग दादाकडे.

"तरीच," ते म्हणाले. "मघापासून म्हणतोय, नीरेनं एवढं हलकं कसं वाटतंय."

मुलगी इतका वेळ मान खाली घालून बसली होती. तिनं कोकमाचा पेला बाजूला सारला. "म्हणजे आम्हाला हे लाल सरबत, आणि चांगलं ते सगळं तिकडे होय?"

आधी तिचे वडील हसले, मग आमची आई, मग सगळेच. माझ्या तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दादा मुलीकडे बघत नुसताच उभा, जग छातीशी धरून.

बाबा तेवढे हसत नव्हते. त्यांनी खाली ठेवलेला पेला उचलला, एका दमात संपवला, आणि रिकामा पेला दादापुढे धरला.

"पोरगा माझाच आहे," ते पाहुण्यांना म्हणाले. मग दादाकडे वळून, "आता शहाळं जरा कमी घाल."