रांबू नाहाने दाखवलेली जागा

गावातलं एकुलतं एक दुकान माझं. मीठ, साबण, कॉफी, सिगारेटी आणि कोपऱ्यात एक फ्रिज, ज्यात मी खिळे ठेवते. त्या फ्रिजकडे पाहिलं की अजून माझं डोकं फिरतं. पण तो राग जांगावर आहे, रांबू नाहावर नाही. गावातले बाकीचे लोक तिला शिव्या देतात. देऊ देत. मी तिची शेजारीण आहे, आणि सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

सुंबा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिथे समुद्र सरळ आपल्या अंगावर येतो, तिथे तिचं घर. दारात गोड्या पाण्याची विहीर, मागे नवऱ्याचे घोडे, ओसरीवर तिचा माग. नवरा तामू अबोल आणि हट्टी. जांगा त्याचा धाकटा भाऊ. त्याची जीभ मात्र भल्या पहाटेपासून सुरू.

हा जांगा शहरात जाऊन जमिनीचा दलाल झाला आणि काळा चष्मा लावून परत आला. माझ्या दुकानासमोर बसून तो रोज सांगायचा, "मावशी, ही वाळू नाही, झोपलेलं सोनं आहे. जकार्ताचे साहेब येणार, हॉटेल होणार, रस्ता होणार, वीज येणार. थंड बाटल्या ठेवायला लाग आत्तापासून." बाजारात तुरी, आणि आम्ही सगळे फोडणी घालून बसलो. कुणी पोराला वेटर व्हायला इंग्रजी शिकवायला लागलं, कुणी डुकरं विकून बोट घेतली, आणि मी गाढवीने वीज नसलेल्या गावात फ्रिज आणला.

हॉटेलला हवी होती तामूची जागा, कारण गोडं पाणी तिथेच. तामू नाही म्हणाला. तीन वेळा विचारलं, तीन वेळा नाही.

मग तामू छातीच्या दुखण्याने पडला. तो आत खोकत असताना जांगा ओसरीवर आला, वहिनीसमोर कागद ठेवला. "वहिनी, सरकार घरांवर पत्रे टाकून देतंय. दादा आजारी, तर तुम्ही अंगठा द्या." छप्पर गळत होतं. रांबू नाहाला वाचता येत नव्हतं. दीर म्हणजे घरचा माणूस. तिने अंगठा दिला.

बारा दिवसांनी मोजणीवाला येऊन दारात खुंट्या ठोकायला लागला. तामू भिंत धरत बाहेर आला. मोजणीवाल्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने विक्रीचा कागद वाचून दाखवला. तामूने अंगठा पाहिला, मग बायकोकडे पाहिलं.

"तू विकलीस?"

ती शपथा घ्यायला लागली, पत्र्यांचं सांगायला लागली. जांगा तिथेच उभा होता. मान खाली घालून हळूच म्हणाला, "जाऊ दे दादा, बाईमाणूस आहे, पैशाला भुलली." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तामू परत आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला आणि नवव्या दिवशी गेला. रांबू नाहा मला नंतर एवढंच म्हणाली, "नऊ दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही गं. भावजींच्या हातचं घेतलं."

ती रडली नाही, हे लोकांना खटकलं. मला भीती वाटली. तिने डूख धरला होता.

मी म्हटलं, "कोर्टात जा." ती म्हणाली, "कोर्टात कागद बोलतो. कागदावर अंगठा माझा आहे."

आमच्याकडे माणूस गेला की लगेच पुरत नाहीत. त्याला बसवून, गुडघे छातीशी घेऊन, विणलेल्या कापडांत गुंडाळतात आणि रेडे, घोडे, थडग्याचा दगड जमेपर्यंत घरातच ठेवतात. तोवर तो घरचाच. त्याला सकाळी कॉफी, दुपारी भात, पाहुणा आला की पानसुपारी. रांबू नाहाने तामूला आपल्या हातच्या कापडांत गुंडाळून मधल्या खांबापाशी बसवलं. रेड्यांचा विषय निघाला की म्हणायची, "गरीब बाई मी, कुठून आणू?" एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. जिवंत माणसाला घराबाहेर काढता येतं. मेलेला बसलेल्या घराला हात लावायची कुणाची छाती नव्हती, जांगाचीही नाही.

जकार्ताचे विबिसोनो साहेब मध्ये एकदा जागा बघायला आले. ओसरीवर कॉफी प्यायले, आत डोकावले आणि त्या गाठोड्यावरचं घोड्यांच्या नक्षीचं कापड त्यांच्या मनात भरलं. "हे विकणार का?" त्यांनी विचारलं. जांगा पांढराफटक पडला. रांबू नाहा शांतपणे म्हणाली, "मालकांना विचारून सांगते." त्या दिवशी मी दुकानात एकटीच हसत होते.

शेवटी साहेबांनी जांगाला निर्वाणीचं सांगितलं, पावसाळ्याआधी जागा मोकळी हवी. मग जांगा वहिनीकडे आला. दोन पोती तांदूळ आणि गुळासारखा आवाज.

"वहिनी, दादाला किती दिवस असं ताटकळत ठेवायचं? रेडे मी देतो. दगड मी देतो."

"तुम्हाला कशाला त्रास, भावजी?"

"माझा भाऊ आहे तो!"

"हो ना. मला वाटलं विसरलात." ती मागावरून उठलीही नाही. "पण करायचं तर मोठं करा. सगळ्या कुळांना बोलवा. नाहीतर लोक म्हणतील, धाकट्याने उरकून टाकलं."

जांगा खुलला. थाटाचा विधी म्हणजे साहेबांना फोटो, आणि त्याला मिरवायला जागा. त्याने दहा गावांना आमंत्रणं धाडली, खाणीतून एवढा मोठा दगड काढला की ओढायला दोनशे माणसं लागली. विधी झाला की वहिनी डोंगरावरच्या जुन्या गावात राहायला जाणार, असं तो साहेबांना सांगून मोकळा झाला.

त्या दिवशी माझ्या दुकानातली साखर दुपारीच संपली. दोरांनी ओढत दगड रीतीप्रमाणे आधी मेलेल्याच्या दारात आणला. साहेब पांढरा सदरा घालून पुढच्या चटईवर बसले होते. दहा गावांचे म्हातारे पान चघळत बसले होते. मग पुजाऱ्याने जांगाला खूण केली.

ही आमची जुनी रीत. निघण्याआधी धाकटा भाऊ विधवेपुढे बसतो आणि तीनदा विचारतो, कुठे ठेवू? ती सांगेल तिथे ठेवायचं. बाई जुन्या गावाचं, पूर्वजांच्या थडग्यांतल्या सासऱ्याशेजारच्या जागेचं नाव घेते, लोक दोर उचलतात. माझ्या आयुष्यात दुसरं उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. त्यामुळे तो प्रश्न आहे हेच जांगा विसरला होता.

तो गुडघ्यांवर बसला, साहेबांच्या कॅमेऱ्याकडे किंचित वळून. "वहिनी, दादाला कुठे ठेवू?"

"इथे," रांबू नाहा म्हणाली. आणि पायाने विहिरीशेजारची जमीन दाखवली.

जांगा हसला, त्याला वाटलं बाई दुःखाने चुकली. "वहिनी, जुन्या गावात ना? कुठे ठेवू?"

"इथे."

आता सगळे चघळायचे थांबले. जांगा तिच्याकडे सरकला. तो पुटपुटला, "वहिनी, पाया पडतो. असं करू नका. मी काय मागाल ते देतो."

"तिसऱ्यांदा विचारा, भावजी. लोक थांबलेत."

तो विचारेना. पुजाऱ्याने काठी आपटली. दहा गावांच्या देखत, स्वतःच्या रेड्यांसमोर, त्याला तोंड उघडावं लागलं. "कुठे ठेवू?"

"इथे. आणि दगड तुम्ही बसवा. त्यांना तुमच्या हातचं चालतं."

साहेब दर दोन मिनिटांनी विचारत होते, काय चाललंय. कुणी सांगेना. मीच सांगितलं, आणि मला फार बरं वाटलं. म्हटलं, "साहेब, इथे आता थडगं होतंय. थडग्याची जमीन आमच्याकडे विकत नाहीत, आणि विकली तरी या बेटावर कुणी तिथे कुदळ मारणार नाही." साहेब सदऱ्याला लागलेली धूळ झटकत गाडीत बसले. त्यांचं हॉटेल आता पश्चिमेच्या कुठल्या तरी किनाऱ्यावर झालं म्हणतात.

जांगाने साहेबांचा विसार परत करायला मोटारसायकल विकली, घोडे विकले. रस्ता आला नाही, वीज आली नाही. बोटवाल्याची बोट वाळूत पडून आहे. लोक रांबू नाहाच्या दारावरून जाताना थुंकतात. "एका बाईच्या सुडापायी अख्खं गाव अंधारात," म्हणतात. खोटं नाही ते. माझाही फ्रिज बुडाला.

आणि आणखी एक खरं आहे. जुन्या गावाबाहेर पुरलेल्याला पूर्वज आपल्यात घेत नाहीत, असं पुजारी तिला आदल्या दिवशी बजावून गेला होता. तामू तिथे एकटाच राहणार, बापाशिवाय, आजोबांशिवाय. मी तिला एकदा धीर करून विचारलं, "त्याला ही शिक्षा कशासाठी गं?"

तिने मागावरचा धागा ओढून घट्ट केला. मग म्हणाली, "नऊ दिवस माझ्याकडे पाठ केली होती त्यांनी. आता माझ्याशिवाय कुणी नाही त्यांना." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

थडग्याला वर्षातून एकदा भात आणि पानसुपारी वाहायची, ती धाकट्या भावानेच. जांगाला यावं लागतं, पायी. यंदाही आला. केस पिकलेत, चष्मा गेलाय. ताट ठेवून तो तिथेच बसला आणि म्हणाला, "वहिनी, पुरे करा. अजून किती वर्षं?"

रांबू नाहाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "थडगं आम्हा दोघांचं आहे, भावजी. मी गेले की हा दगड तुम्हालाच परत उचलायचाय. जड आहे. तब्येत सांभाळा."