उरलेल्या गोळ्या

मी आदिलाबादला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. औषध जंतूच्या पेशीत कसं शिरतं, हे रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवते आणि स्वतःवरच खूश होते. माझ्या काकांना मात्र मी ते कधी सांगितलंच नव्हतं.

काका जैनथकडच्या आमच्या गावात कापूस करतात. बाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांना मलेरिया झाला, बरा झाला, पुन्हा झाला. तिसऱ्या खेपेला ते भरदुपारी ओट्यावर घोंगडी घेऊन कुडकुडत होते. हा माणूस असाच झिजून जाणार, अशी मला भीती वाटली. आधीच्या गोळ्या शोधल्या, तर पाकीट फळीवर फवारणीच्या बाटल्यांशेजारी! चौदा दिवसांच्या गोळ्यांतल्या चारच संपलेल्या.

"ह्या काऊन ठेवल्या?"

"कीड गेली का उरलेलं औषध ठेवूनच देतो ना आपण. पुढच्या खेपेले कामी येते."

मी भयंकर चिडले. पण आमच्याकडे गोळीही औषध आणि फवाराही औषध, त्यांचं तरी काय चुकलं?

आरोग्य केंद्रात रक्त तपासून डॉक्टरांनी नव्याने गोळ्या सुरू केल्या. घरी येऊन मी अंगणात काडीने एकात एक तीन गोल काढले.

"ताप गेला तरी जंतू कलेजीत निजून राह्यते, काका. बाहेरचा पडदा तुमच्या पेशीचा, मधला त्याच्याभोवतीचा, आतला त्याचा सोताचा."

"मंग गोळी भोक पाडते का?"

"नाही. पडदा चरबीचा असते. औषध चरबीत मिसळते अन् झिरपत आत जाते. रोज थोडं थोडं."

काका गोलांकडे बघत राहिले. "म्हंजे चिकट!"

पानावरून फवारा घरंगळू नये म्हणून त्यात जे साबणासारखं द्रव घालतात, ते चिकट. तुलना तंतोतंत नव्हती, पण मी दुरुस्त केली नाही. एरवी मास्तरकी आवरणं मला जमत नाही.

पंधराव्या दिवशी गेले, तर पाकीट पुन्हा त्याच फळीवर. माझं डोकंच सणकलं.

"पुन्हा पुढच्या खेपेले ठेवलं?"

"तुले दाखवाले ठेवलं. तू आल्या आल्या शोधशीन, मले मालूम होतं."

मी पाकीट खाली काढलं. चौदाही घरं रिकामी होती.

त्याला आता वर्ष होत आलं. ताप फिरकलेला नाही.